‘विळिवायकुर’ : एका शब्दाचा अर्थ लावताना

कोल्हापूर परिसरात सापडलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिशाच्या नाण्यांवर तीन राजांची नावे ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आढळतात : वासिठिपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. ‘वासिठिपुत’ म्हणजे वासिष्ठीचा पुत्र, हे उघड आहे. पण ‘विळिवायकुर’ म्हणजे काय? हे नाव की बिरुद?

नाण्यावर बाण लावलेले धनुष्य आहे. कन्नडमध्ये धनुष्याला ‘बिल्लु’, तमिळमध्ये ‘विल्’ म्हणतात. तेव्हा ‘विळिवायकुर’ म्हणजे धनुर्धर, असे म्हणण्याचा मोह होतो. आमच्या मते हा अर्थ टिकत नाही. नाण्यावर ‘ळ’ आहे, ‘विल्’मध्ये ‘ल’. मराठीत आपण ‘काळ’ आणि ‘काल’ एकच मानतो का? शिवाय हेच धनुष्य सिवलकुराच्या नाण्यांवरही आहे. म्हणजे चित्र शब्दाचा अर्थ सांगत नाही.

दुसरा आधार टॉलेमीचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील त्याच्या भूगोलात ‘हिप्पोकुरा’ ही ‘बालेओकुरोस’ राजाची राजधानी म्हटली आहे. हाच विळिवायकुर, असे रा. गो. भांडारकरांसारख्या अभ्यासकांनी मानले. उच्चारसाम्य लक्षणीय आहे. परंतु विळिवायकुर दोन झाले. त्यांपैकी कोणता? तसेच ‘गोतमिपुत’ एवढ्यावरून त्याला गौतमीपुत्र सातकर्णी ठरवणेही धाडसाचे. आईच्या गोत्रावरून पडलेले नाव अनेकांचे असू शकते.

याउलट एक पुरावा भक्कम आहे. माढरिपुताचा ठसा वासिठिपुताच्या जुन्या नाण्यांवर मारलेला दिसतो, आणि गोतमिपुताचा ठसा त्या दोघांच्याही नाण्यांवर. वरचा ठसा नंतरचा. म्हणून राजांचा क्रम ठरतो. त्यासाठी ‘विळिवायकुर’चा अर्थ कळावा लागत नाही. खडकांच्या थरांतही आपण हेच तर्कशास्त्र वापरतो.

‘विळिवायकुर’ आणि ‘सिवलकुर’ यांत ‘कुर’ समान आहे, म्हणून तो वेगळा घटक असावा, एवढे अनुमान रास्त. त्यापुढे जायचे तर नवा लेख हवा. शब्द दुर्मीळ असला की एकच उदाहरण कोणत्याही अर्थाला होकार देते. म्हणून वर्गात ही नाणी दाखवताना शिक्षकांनी ‘याचा अर्थ काय?’ याबरोबरच ‘हा अर्थ चुकीचा असेल, तर ते आपल्याला कशावरून कळेल?’ हेही विचारावे. इतिहासाच्या तासाला विज्ञान शिकवण्याची ही चांगली संधी आहे.