प्रयोगवही आणि अज्ञात उत्तर

पदवीच्या वर्गांत 'प्रयोग' या नावाने जो व्यवहार चालतो, त्यास प्रयोग म्हणावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तर ९८०च्या आसपास यावयास हवे, हे घड्याळ हाती घेण्यापूर्वीच ठाऊक असते. ते ९४० आले, तर तो दोऱ्याची लांबी पुन्हा मोजीत नाही. वाचनेच 'दुरुस्त' करतो. जर्नलावर सही होते. यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. उत्तर कोणालाच नको असेल, तेथे प्रामाणिक मापनाचे प्रयोजन काय?

यावर खरे संशोधनच प्रयोगशाळेत आणावे, असा उपाय सुचविला जातो. त्याचे मूल्यमापन करावयाचे तर हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था व पिट्सबर्ग विद्यापीठ यांनी २००८ साली अमेरिकेत आरंभिलेला 'सी-फेजेस' उपक्रम पाहणे इष्ट होईल. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कोठलीही मूठभर माती आणतो. क्षयजंतूचा निरुपद्रवी नातलग असलेल्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसच्या थरावर त्या मातीचा गाळलेला अर्क टाकतो आणि जीवाणू मरून पडलेल्या स्वच्छ ठिपक्यांचा शोध घेतो. ठिपका मिळाला की त्यातील जीवाणुभक्षक विषाणू वेगळा करावयाचा, त्याला नाव द्यावयाचे, डीएनए काढावयाचा. आणि पुढील सत्रात अनुक्रमातील जनुके ओळखावयाची.

या योजनेचे मर्म विषयाच्या निवडीत आहे. पृथ्वीवर असे विषाणू सुमारे १० चा ३१ वा घात इतके असावेत, असा अंदाज आहे. त्यामुळे प्रत्येकाच्या मुठीत काही नवे असण्याचा संभव मोठा. तंत्र सोपे, आणि एकाच्या अपयशाने दुसऱ्याचे काम अडत नाही. मुख्य म्हणजे, पुढे काय निघेल हे प्राध्यापकांनाही ठाऊक नसते. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे २०१० साली एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्यावर 'मडी' हा विषाणू सापडला. लंडनमधील एका पंधरा वर्षांच्या रुग्ण मुलीच्या शरीरात, औषधांना न जुमानणाऱ्या मायकोबॅक्टेरियम ॲब्सेससविरुद्ध, २०१८ साली जे तीन विषाणू वापरले गेले त्यांत तो होता. इतर दोहोंत जनुकीय फेरफार करावे लागले. मडीमध्ये तशी गरज पडली नाही. वांगे उचलताना हे कोणाच्या ध्यानीमनीही नसणार!

आक्षेप मात्र आहेत. प्रश्न विद्यार्थ्याचा नसतो. तो आधीच कोणीतरी मांडून ठेवलेला असतो आणि विद्यार्थी संग्राहकाचे काम करतो. फळमाशीच्या जनुकसंचावरील २०१५ सालच्या एका निबंधावर हजाराहून अधिक लेखकांची नावे होती, त्यांत नऊशेहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थी. त्यावर 'लेखक' शब्दाचा अर्थ काय, असा वाद उठला. आक्षेप खोटा नाही, पण प्रस्तुत लेखकाला तो पुरेसा वाटत नाही. पीएच.डी.च्या किती उमेदवारांचा प्रश्न स्वतःचा असतो, हे आपण जाणतोच. अधिक गंभीर अडचण वेगळी आहे. अज्ञाताची अशी मुबलकता सर्व शास्त्रांत नाही. लंबकाला विषाणूची जागा घेता येत नाही. भौतिकीच्या प्राध्यापकाला तसा प्रश्न स्वतः शोधावा लागेल, आणि आठवड्याच्या तासिकांत तो बसवावा लागेल.

आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम चालविला, तो स्तुत्यच; पण तो निवडलेल्यांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्स पदवीची वाट चौथ्या वर्षी उघडते, आणि तीही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यालाच. म्हणजे ठरलेली उत्तरे तीन वर्षे बिनचूक आणून देण्यात जो पटाईत ठरला, त्याला अज्ञात उत्तराकडे सोडावयाचे. सी-फेजेसमध्ये क्रम नेमका उलटा आहे: आरंभीच, गुण न पाहता, सर्वांना.

आपल्या परीक्षापद्धतीत हा क्रम कसा बसवावयाचा, हे अवघड आहे. ज्याच्या मातीत ठिपका उमटला नाही, तो तेथे सहाध्यायाचा विषाणू घेऊन पुढे जातो. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्या रिकाम्या बशीसमोर उभा असलेला बहिःस्थ परीक्षक गुणपत्रकात कोणता आकडा लिहील?