पीपीपी: फायदा मोजताय, पण कोणाचा?

'पीपीपीचे फायदे आणि तोटे' हा विषय संशोधन प्रस्तावांत हमखास दिसतो. फायद्यांत वेग आणि सरकारी पैशाची बचत, तोट्यांत महाग सेवा आणि नफेखोरी. दोन याद्या झाल्या की विषय संपला! माझा आक्षेप असा की, यातली प्रत्येक ओळ कशाच्या तुलनेत खरी आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मुंबईची मेट्रो 1 घ्या. वर्सोवा ते घाटकोपर, 11.4 किमी, 12 स्थानकं. करार 2007 चा. कंपनीत तेव्हा रिलायन्स इन्फ्राचा हिस्सा 69 टक्के होता, एमएमआरडीएचा 26 टक्के. आपण तिला 'खासगी मेट्रो' म्हणतो, पण केंद्र आणि राज्य मिळून 650 कोटींचं अनुदानही तिच्यासाठी मंजूर होतं.

आधी वेग बघू. काम सुरू झालं 2008 मध्ये, गाडी धावली 8 जून 2014 ला. एमएमआरडीएने स्वतः बांधलेल्या 2अ आणि 7 या मार्गिकांचं काम 2016 मध्ये सुरू झालं, त्या पूर्ण सुरू झाल्या जानेवारी 2023 मध्ये. म्हणजे दोन्हीकडे सहा-सात वर्षं. पण म्हणून 'वेग सारखाच' असंही म्हणता येत नाही. त्या दोन मार्गिका मिळून सुमारे 35 किमी आहेत, शिवाय मध्ये कोविड आला. प्रयोगशाळेत कंट्रोल नसलेला प्रयोग आपण मान्य करू का? मग इथे का करायचा?

आता भाडं. करारात 9 ते 13 रुपये होतं, कंपनीने लावलं 10 ते 40. कारण मेट्रो कायद्यानुसार पहिलं भाडं ठरवायचा अधिकार मेट्रो प्रशासनाचा, म्हणजे इथे कंपनीचा. खर्च 2,356 कोटींवरून 4,321 कोटींवर गेला, असा तिचा दावा होता. 2015 मध्ये भाडेनिश्चिती समितीने 110 रुपयांपर्यंतच्या भाड्याची शिफारस केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती 2017 मध्ये रद्द केली.

2अ आणि 7 वर सुरुवातीला 12 किमीपर्यंत 20 रुपये होते. मग सरकारी मेट्रो स्वस्त? तिकीट स्वस्त आहे, मेट्रो नाही. उरलेला खर्च सार्वजनिक पैशातून जातो, म्हणजे त्यात कधीच न बसणाऱ्यांकडूनही.

माझ्या मते मेट्रो 1 चं दुखणं खासगी भांडवल हे नाही. त्या भांडवलामुळे सरकारला सगळा पैसा आधी घालावा लागला नाही, हा खरा फायदा. दुखणं हे की, खर्च वाढला तर तो कोणी सोसायचा आणि भाड्यावर शेवटचा शब्द कोणाचा, हे करार आणि कायदा यांत एकसारखं नव्हतं. त्याची किंमत प्रवाशांनी तिकिटात मोजली आणि वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला.

म्हणून प्रस्ताव लिहिताना उद्घाटनाच्या बातम्यांआधी करार वाचा. प्रत्येक जोखमीपुढे ती कोणाच्या वाट्याला आली ते लिहा. फायदे-तोट्यांची यादी त्यानंतर करा.