न्यूपोर्टची हुर्यो आणि रसिकाचा हक्क

कलाकृतीचे गुणदोष ठरविताना टीकाकार कृतीकडे पाहतो, कर्त्याकडे पाहतो. समोर बसलेल्या श्रोत्याकडे मात्र तो क्वचितच वळतो. श्रोत्याने टाळ्या दिल्या तर तो रसिक आणि नाक मुरडले तर तो अरसिक, एवढा सोपा निवाडा करून आपण मोकळे होतो. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील एका प्रसंगाविषयी असाच निवाडा गेली साठ वर्षे दिला जात आहे. २५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील लोकगीत-उत्सवात बॉब डिलन हा चोवीस वर्षांचा गायक विजेची गिटार घेऊन मंचावर आला आणि श्रोत्यांपैकी कित्येकांनी त्याची हुर्यो उडविली. काळाच्या पुढे असलेला कलावंत आणि काळाच्या मागे राहिलेला श्रोता, असे या प्रसंगाचे चित्र रूढ झाले आहे. ते अर्धेच खरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

न्यूपोर्ट हे ऱ्होड आयलंड राज्यातील समुद्रकाठचे गाव. धनिकांच्या प्रासादतुल्य उन्हाळी बंगल्यांसाठी ते प्रसिद्ध होते. पण १९५९ पासून तेथे भरू लागलेल्या उत्सवाचा आत्मा निराळा होता. खाणकामगार, शेतमजूर, कृष्णवर्णीय भजनी मंडळ्या यांची गाणी शहरांतील सुशिक्षित तरुणांनी आपलीशी केली होती. साधी लाकडी गिटार, साधा वेष, स्पष्ट शब्द आणि सर्वांनी मिळून म्हणावयाचे धृपद ही त्या गाण्यांची लक्षणे. पीट सीगर हे या चळवळीतील ज्येष्ठ गायक. ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गीत देशोदेशी पोचविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. गिरिजाकुमार माथुर यांनी केलेला त्याचा हिंदी अवतार आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी शाळेच्या प्रार्थनेत म्हटलेला असेल. १९६३ च्या उत्सवात डिलन, जोन बाएझ, सीगर आणि इतर गायक एका ओळीत उभे राहून गायिले. पुढच्याच महिन्यात, २८ ऑगस्टला, वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी निघालेल्या विराट मोर्चापुढेही डिलनने गाणी म्हटली. तरुणांच्या एका पिढीला आपला आवाज सापडला होता, आणि तो आपल्यासाठीच गातो असा तिचा विश्वास होता.

१९६५ च्या त्या रविवारी रात्री तो आला तो चामड्याचे जाकीट घालून. साथीला ऑर्गन, ड्रम आणि विजेच्या गिटारी होत्या. साथीदारांपैकी काही पॉल बटरफील्डच्या ब्लूज वाद्यवृंदातले होते. फारसा सराव झालेला नव्हता. त्यांनी तीन गाणी वाजविली आणि ते निघून गेले. मैदानात आरडाओरडा झाला. त्यात टाळ्याही होत्या आणि धिक्कारही होता. धिक्कार कशासाठी होता याविषयी तेथे हजर असलेल्यांतही एकमत नाही. कोणी म्हणतात तो विजेच्या वाद्यांसाठी होता, कोणी म्हणतात शब्द ऐकू येत नव्हते म्हणून, तर कोणी म्हणतात एवढा मोठा गायक तीनच गाणी म्हणून गेला म्हणून. सीगर यांनी कुऱ्हाडीने तार तोडण्याची भाषा केली, ही आख्यायिका तर सर्वतोमुखी झाली आहे. आपला राग विजेवर नव्हता, आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले.

वाद्यावरून होणारे वाद आपणांस नवे नाहीत. आपल्या नभोवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले. आपल्या श्रुती आणि मींड या पेटीत बसत नाहीत, असा तो आक्षेप होता, आणि तो पटो वा न पटो, वाद्यावरचाच आक्षेप होता. न्यूपोर्टचे तसे म्हणता येत नाही. त्याच उत्सवात बटरफील्डच्या वृंदाने विजेची वाद्ये वाजविली होती. श्रोत्यांनी त्याला असा विरोध केला नाही. डिलनची मार्च १९६५ मधील ध्वनिमुद्रिका एका बाजूस विजेच्या वाद्यांसह होती, आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे गीत उत्सवापूर्वी पाचच दिवस बाजारात आले होते. तेव्हा श्रोते अजाण होते असे नाही. इतरांच्या हाती जे चालत होते ते याच्या हाती चालेना, कारण इतर नुसते गायक होते आणि हा त्यांचा आपला होता.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या ‘लोकां’च्या नावाने हा उत्सव चालला होता, ते लोक केव्हाच पुढे निघून गेले होते. मडी वॉटर्स हा मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातील गायक १९४३ मध्ये शिकागोला गेला. तेथील गजबजलेल्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. त्याच्याबरोबर ब्लूजही खेड्यातून शहरात आला. लोकगीताचा खरा धनी गरजेप्रमाणे वाद्य बदलीत होता. लोकगीताचा भक्त मात्र जुने वाद्य देव्हाऱ्यात ठेवून बसला होता. खुद्द डिलनचेही तसेच. मिनेसोटातील हिबिंग या खाणगावात शाळेत असताना तो लिटल रिचर्डचा चाहता होता आणि रॉक अँड रोल वाजवीत असे. वुडी गथ्रीची लोकगीते त्याला नंतर भेटली. म्हणजे ज्याला श्रोत्यांनी फितुरी म्हटले, ते एका अर्थी त्याचे माहेरी जाणे होते.

मग श्रोत्यांचे दुःख खोटे होते काय? येथेच रूढ निवाडा अपुरा पडतो. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे गीत घ्या. ते १६ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले. अल कूपर हा गिटार वाजविण्यासाठी आलेला तरुण तेथे ऑर्गनवर जाऊन बसला. ऑर्गनमध्ये त्याचा हात बसलेला नव्हता. म्हणून तो इतरांच्या किंचित मागून येतो, आणि त्या मागून येण्यातच गाण्याची सारी ओढ आहे. ड्रमच्या एका आघाताने गाणे उघडते आणि सहा मिनिटांहून अधिक काळ चालते. तीन मिनिटांच्या गाण्यांच्या त्या जगात ही धिटाई होती. तरी ते अमेरिकेतील खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. त्याचा विषय आहे वैभवातून रस्त्यावर आलेली एक स्त्री. गायक तिला पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारतो. त्यात सूड आहे, करुणाही आहे, आणि कुठेतरी स्वतःलाच विचारल्याचा भास आहे. लोकप्रिय गीतात एवढी संमिश्र भावना मावते हे या गाण्याने दाखवून दिले. पुढे २०१६ मध्ये डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या मुळाशी ही वाट आहे.

परंतु हे गाणे मोर्चात म्हणता येत नाही. हातात हात घालून ते गावे असे त्यात काही नाही. १९६३ च्या गाण्यांचा कर्ता ‘आपण’ होता. येथे एक ‘मी’ एका ‘तू’ला बोलत आहे आणि बाकीचे सारे ऐकत आहेत. गाण्यात सहभागी असलेला समूह एका रात्रीत प्रेक्षक झाला. कलेच्या दृष्टीने हा लाभ असेल, आणि तो आहेच. पण ज्यांचे धृपद काढून घेतले गेले त्यांना काही हरवल्याचे वाटले, तर त्यांना अरसिक म्हणणे अन्याय होईल. ते वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याचे दिवस होते. त्यांना गाणे ऐकावयाचे नव्हते, वापरावयाचे होते. आपल्याकडे ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद फडके-खांडेकरांच्या नावाने वर्षानुवर्षे चालला. न्यूपोर्टच्या मैदानात तोच वाद ध्वनिवर्धकांतून झाला, इतकेच.

त्या रात्रीचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. आयोजकांच्या आग्रहावरून डिलन साधी गिटार घेऊन पुन्हा मंचावर आला. त्याला विशिष्ट स्वराचा माउथ ऑर्गन हवा होता. कोणाजवळ आहे काय, असे त्याने समोर विचारताच मैदानातून माउथ ऑर्गन येऊन मंचावर पडले. ज्या मैदानातून हुर्यो उठली होती त्याच मैदानातून! त्याने दोन गाणी म्हटली; त्यांपैकी ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ, बेबी ब्ल्यू’ हे निरोपाचे गीत होते, आणि तो निरोप सर्वांना कळला. पुढल्या वर्षी, १७ मे १९६६ रोजी, मँचेस्टर येथे एका श्रोत्याने त्याला ‘ज्यूडास’ म्हणून हाक मारली. विश्वासघाताचा हा आरोप शत्रूवर करता येत नाही. तो शिष्यावरच करता येतो. न्यूपोर्टच्या त्या उत्सवात डिलन पुन्हा गायिला तो थेट २००२ मध्ये, खोटी दाढी आणि खोटे केस लावून.

मुलखाबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांना न्यूपोर्टचा श्रोता परका वाटू नये. बदलीच्या नोकरीत ज्या वर्षी आपण गाव सोडले, त्या वर्षीची मराठी आपण ट्रंकेत घालून आणली. गणेशोत्सवात पाहुण्या गायकाने नवे काही म्हटले की मंडळाच्या पहिल्या रांगेतून जुन्या नाट्यपदाची फर्माईश होते. ती करणारे बहुधा आपणच असतो. तिकडे पुण्या-मुंबईची मराठी केव्हाच वाद्य बदलून बसली आहे. जे गमावले त्याची खंत करण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो कोणी हसण्यावारी नेऊ नये. मात्र गाणाऱ्याला आपल्या आठवणीत कोंडून ठेवण्याचा हक्क त्यातून निघत नाही. न्यूपोर्टच्या श्रोत्यांनी त्या रात्री दोन्ही केले: आधी हुर्यो उडविली, मग माउथ ऑर्गन फेकला. इतिहासाने पहिली गोष्ट लक्षात ठेवली. टीकाकाराने दुसरीही लक्षात ठेवावी.