सॅक्सोफोन आणि स्तोत्र

सॅक्सोफोन म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना लग्नाचा बँड आठवतो, नाही तर जुन्या हिंदी चित्रपटातील मद्यालय. प्रभुमंदिराशी या वाद्याचे काही नाते असू शकेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. हा ग्रह वाद्याच्या गुणामुळे झाला की त्याला लाभलेल्या संगतीमुळे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

बेल्जियममध्ये जन्मलेल्या आदोल्फ साक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण स्वर निघतो तो बोरूच्या पातळ पत्तीतून. म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात होते. पितळेचा जोर आणि मानवी कंठाचा ओलावा असे दोन्ही गुण त्यात एकवटले आहेत. तरीही पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंदाने त्याला पाहुण्यासारखेच वागवले. मुसोर्गस्की यांच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ला रॅव्हेल यांनी १९२२ मध्ये वाद्यवृंदाचा साज चढवला. जुन्या गढीपुढे गाणाऱ्या गायकाची विषण्ण धून त्यांनी सॅक्सोफोनला दिली. ही निवड इतकी नेमकी आहे की दुसरे वाद्य सुचू नये. पण तेवढे एक चित्र संपले की पाहुणा उठून जातो, तो परतत नाही.

हिंदी चित्रपटाने त्याला जवळ केले, पण बहुधा ठरावीक प्रसंगांसाठी. ‘काश्मीर की कली’ (१९६४) मधील नायकाच्या मद्यधुंद विलापामागे मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. गाण्यातील व्यथा तो शब्दांइतकीच समर्थपणे सांगतो. मात्र अशा प्रसंगांमुळे श्रोत्यांच्या मनात त्या स्वराची आणि मद्याच्या पेल्याची गाठ पक्की बसली.

ही गाठ सोडवणारी कलाकृती म्हणून आम्ही जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’कडे पाहतो. दोन्ही आजोबा धर्मोपदेशक असलेला हा जॅझवादक अमली पदार्थांच्या विळख्यात सापडला होता. १९५७ मध्ये तो त्यातून सुटला आणि ही सुटका त्याने ईश्वरकृपा मानली. डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या या चार भागांच्या रचनेतून त्याने ते ऋण व्यक्त केले. शेवटच्या भागाचे नावच ‘साम’, म्हणजे स्तोत्र. वेष्टनावर छापलेली स्वतःची प्रार्थना कोल्ट्रेन येथे ओठांनी म्हणत नाही. तिच्या शब्दांचा ओघ धरून तो सॅक्सोफोन वाजवतो. वेष्टन हाती घेऊन ऐकल्यास ओळीमागून ओळ जुळत जाते. येथे लयीचे बंधन सैल आहे आणि चमत्कृतीचा सोस नाही. मधल्या भागांत हाच वादक श्रोत्याला दमवून सोडतो, हेही सांगितले पाहिजे. ते वादळ सर्वांनाच रुचेल असे नाही. परंतु त्या वादळानंतर आल्यामुळेच शेवटची शांतता खरी वाटते.

आपल्या देशात कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीतातील भक्तिरचना वाजवल्या. तेथेही शब्द मुके आणि स्वर बोलके.

१९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी सुषिर वाद्यांना केवळ विशेष प्रसंगी, बिशपांच्या अनुमतीने आणि मर्यादित प्रमाणात मंदिरात वाव दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, उपासनेस योग्य असल्यास किंवा तशी करता येत असल्यास, अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. ‘तशी करता येत असल्यास’ ही अट आम्हांस फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे जबाबदारी वादकावर येते. कोल्ट्रेनची रचना मिस्सेसाठी नाही आणि मिस्सेत एकट्या वादकाचे कौशल्य मिरवणे इष्टही नाही. परंतु आपल्या धर्मग्रामातील एखादा तरुण हे वाद्य घेऊन गायनवृंदाकडे आला, तर वाद्य पाहून त्याला परत पाठवू नये. आधी त्याला एक स्तोत्र वाजवू द्यावे आणि मग निर्णय करावा.