खानेसुमारींतील महारोग्यांचे आकडे : एक परीक्षण

सामाजिक इतिहास लिहितांना खानेसुमारीचे आकडे निर्णायक प्रमाण म्हणून पुढें करण्याची रीति रूढ झाली आहे. बखरीची छाननी आपण कसून करतों. छापील सरकारी कोष्टक मात्र विनातक्रार स्वीकारतों. ही पंक्तिभेदाची रीति आम्हांस मान्य नाहीं. महारोग्यांचे आकडे हें त्याचें ठळक उदाहरण होय.

हिंदुस्थानांत १९०१ सालीं सुमारें ९७ हजार महारोगी नोंदले गेले. १९११ सालीं १ लक्ष ९ हजार, १९२१ सालीं १ लक्ष २ हजार आणि १९३१ सालीं १ लक्ष ४७ हजार. शेवटच्या दशकांत लोकसंख्या शेंकडा ११ नीं वाढली, तर महारोगी शेंकडा ४४ नीं. परंतु हा रोग अंगांत शिरल्यापासून बाहेर दिसूं लागेपर्यंत वर्षानुवर्षें जातात. तो दहा वर्षांत असा एकदम उसळणें संभवत नाहीं. मग वाढलें तें काय?

प्रथम शब्दाचा विचार करूं. चरकसंहितेंत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत दद्रु आणि पामा, म्हणजे गजकर्ण व खरूज, हींही येतात. श्वित्राचा विचार तेथें निराळा केला आहे. पुढें ह्याच ‘कुष्ठ’ शब्दापासून हिंदींत ‘कोढ’ झाला व तो महारोगास लागला. मराठींत ‘कोड’ झाला व तो श्वित्रास, पांढऱ्या डागांस, लागला. पांढरें कोड वगळावें अशी गणकांस सूचना असे. पण गणक वैद्य नव्हता. त्यानें घरच्या मनुष्याचा शब्द घेतला आणि रकाना भरला. म्हणजे भलतेच लोक आंत आले.

उलट, खरे रोगी बाहेर राहिले. १८९८ चा कायदा जेथें लागू झाला तेथें निराधार महारोग्यास वॉरंटावांचून पकडतां येई. घरंदाज कुटुंबास सोयरीक मोडण्याचें भय होतेंच. कोष्टकांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून फारच कमी दिसते, तिचें एक कारण ह्या लपवालपवींत शोधावें लागेल.

येथें पूर्वपक्ष असा होईल कीं, चूक दर खेपेस सारखीच असेल, तर आकडा खोटा असला तरी चढउतार खरा ठरतो. परंतु चूक सारखी राहिली नाहीं. १९२१ नंतर कडू कवठाच्या तेलाचीं इंजेक्शनें देणारे दवाखाने वाढले. उपायाची आशा दिसतांच लपलेला रोगी पुढें आला. तेव्हां १९३१ ची वाढ बव्हंशीं रोगाची नसून नोंदीची होय, असें आम्हीं अनुमान करतों.

अर्वाचीन आकड्यांसही हाच विवेक हवा. डिसेंबर २००५ मध्यें देशांत दहा हजारांमागें एकाहून कमी रोगी उरल्यामुळें ‘निर्मूलन’ झाल्याचें सांगण्यांत आलें. हें प्रमाण एका वेळीं उपचाराखालीं असलेल्यांचें आहे. बहुविध औषधांचा उपचार सहा किंवा बारा महिन्यांत संपतो व नांव पटावरून निघतें. उपचार जितका आंखूड, तितका पट लहान. नव्यानें जडलेल्यांची गणना निराळी; ती २०१९-२० पर्यंत दरवर्षीं लाखाहून अधिकच राहिली. औषधाचें यश मोठें आहे, ह्यांत शंका नाहीं. पण तळ्यांत पाणी किती आहे ह्यावरून झरा आटला कीं नाहीं तें ठरत नाहीं.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. आमच्या अध्यापनकाळीं अंगावर कोड असलेले एक शिक्षक होते. त्यांच्या माठांतील पाणी कोणी पीत नसे. ज्या अज्ञानानें त्यांस वाळींत टाकलें, त्याच अज्ञानानें जुनीं कोष्टकें भरलीं आहेत. तेव्हां आकडा उतरून घेण्यापूर्वीं तो कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला आणि सांगणारास कशाचें भय होतें, एवढें संशोधकांनीं अवश्य पाहावें.