काटे कमी, विज्ञान जास्त

वर्गातल्या संगणकावर फ्लाइटगिअर लावले की मुले प्रथम कॅमेरा विमानाबाहेर नेतात. 'व्ही' ही कळ दाबत राहिले की विमान मागून, मनोऱ्यावरून, कसेही दिसते. देखणे असते खरे, पण वैमानिकाला आपले विमान असे कधी दिसत नाही.

१९९७ पासून मोफत मिळणाऱ्या या आज्ञावलीचे खरे बळ उपकरणफलकात आहे. जुन्या सपाट फलकाची मांडणी साध्या मजकुराच्या फायलीत असे. त्यामुळे डायल हलवता येई, काढूनही टाकता येई. नवा त्रिमितीय फलक सुंदर आहे, पण शिक्षकाला बदलायला अवघड. ही प्रगती मला पटत नाही.

आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनत. तिथल्या मुलाला स्कूटरचा वेगकाटा चाकाकडून येणाऱ्या केबलने फिरतो हे सांगावे लागत नाही. मग हवेत कोणते चाक? विमानाचा वेगदर्शक समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब मोजतो, म्हणून त्याचा वेग आणि जमिनीवरचा वेग वेगळे पडतात.

उंचीमापकही दाबच मोजतो. दाब बरोबर लावला असेल तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उभ्या विमानात तो सुमारे १९४० फूट दाखवतो. त्याच्या खिडकीतला पाऱ्याचा आकडा अर्धा इंच कमी करा. विमान जागचे हलत नाही, काटा मात्र सुमारे ५०० फूट उतरतो! याच एका प्रयोगासाठी तास खर्चावा. पुढच्या तासाला कृत्रिम क्षितिज कागदाने झाकावे, बाहेर दाट ढग लावावेत आणि उरलेल्या काट्यांवर विमान सरळ ठेवायला सांगावे.