‘ख्रिस्तपुराणा’तील श्रोता

फादर स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराणा’चे (१६१६) विवेचन बहुधा त्यातील मराठीच्या स्तुतीपाशीच थांबते. वस्तुतः ग्रंथाचे प्रयोजन आरंभीच्या श्रोत्याच्या पृच्छेत आहे : जुनी पुराणे वर्ज्य केली, तर त्यांच्या ठायी दुसरी का देत नाही? बाप्तिस्म्याने उपास्य पालटले, तरी पुराणश्रवणाची ओढ कायम होती. साष्टीतील नवख्रिस्ती कुटुंबांची ही उणीव स्टीफन्सने ओळखली.  म्हणूनच स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले आणि कथेसाठी ओवी योजिली. देवळात मिस्सेनंतर हे पुराण वाचले जाई. १६८४ च्या पोर्तुगीज हुकुमाने लोकभाषेवर बंदी घातली. तिचा आघात ह्या नित्याच्या श्रवणभक्तीवरही होता. ग्रंथाचे मूल्यमापन ह्या श्रोतृवर्गास वगळून करणे अपुरे ठरते.